गोगलगायींचा कोपरा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला ऑफिसमध्ये होते. मंगळवारची दुपार. माझा नवरा महेश एवढंच म्हणाला, "नाना गेले गं... झोपेतच." मी "निघते" म्हटलं, पर्स उचलली, लिफ्टपाशी येऊन उभी राहिले आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, सांगून झालं होतं. रडू नंतर आलं, रिक्षा वाकडच्या पुलाखाली अडकली तेव्हा, आणि मग कर्वेनगरपर्यंत थांबलं नाही. पण आधी आला तो सुटकेचा निःश्वास. सासरे गेल्याचं कळल्यावर सुनेला हायसं वाटलं, हे छापून येणं काही बरं दिसत नाही, मला ठाऊक आहे. पण नाना आयुष्यभर इन्स्पेक्टर होते. जेवढं माप भरलं तेवढंच लिहायचं, असं ते म्हणायचे. म्हणून तेवढंच लिहिते आहे.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत. माझ्या सासऱ्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढली. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, त्यांच्या टेबलावर यायचा. व्हर्नियरने बारीक माप घेऊन ते तो पास करायचे, नाहीतर लाल चिठ्ठी बांधून परत पाठवायचे. काय चुकलं आणि कुठल्या मशीनवर चुकलं, दोन्ही त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे. पुढे खुल्या बाजाराचं वारं आलं, कारखान्याने माणसं कमी करायला घेतली आणि एकावन्नाव्या वर्षी नानांच्या हातात व्हीआरएसचं पत्र पडलं. त्याच महिन्यात महेशला सॉफ्टवेअर कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं. सासूबाई सांगायच्या, "देवापुढे दोन्ही पत्रं ठेवायची की एकच, मला कळेना." नाना आठ दिवस गॅलरीत बसून राहिले आणि नवव्या दिवशी टेम्पोतून तीन फुटी काचेचा टँक घेऊन आले. त्यांना मासे पाळायचे नव्हते, पाण्याखाली बाग करायची होती. मासे आपले बागेत फिरायला.

पहिली दोन वर्षं म्हणे त्या टँकमध्ये झाडं कमी आणि शेवाळंच जास्त होतं. काचेवर हिरवी पूड, पानांच्या कडांना काळी दाढी, मुळांशी केसांसारखे गुंते. दुकानदार बाटलीतलं औषध पुढे करायचा आणि नाना ते जसंच्या तसं परत सरकवायचे. शेवाळाला मारायचं नाही, त्याला यायला कारणच ठेवायचं नाही, हा त्यांचा हिशेब. दिवा आठ तास, नववा नाही. खिडकीचा पडदा बंद. खाणं दिवसातून एकदा, तेही चिमूट. भराभरा वाढणारी झाडं दाटीने लावायची, म्हणजे पाण्यातलं खत आधी तीच खातील. आणि दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी काढून बाल्कनीतल्या कुंड्यांना घालायचं आणि आदल्या रात्री बादल्यांत भरून ठेवलेलं पाणी टँकमध्ये सोडायचं. "शेवाळ ही लाल चिठ्ठी आहे, फक्त हिरव्या रंगात येते," असं ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. "चिठ्ठी घासून टाकलीस तर चिठ्ठी जाईल. चूक आहे तिथंच राहील."

मला हे समजलं, कारण मीही त्याच धंद्यातली. महेश प्रोग्रॅम लिहायचा आणि मी टेस्टिंगमध्ये होते, त्याच्या चुका शोधायला. ओळख तिथलीच. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. माझं माहेर येरवड्याचं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, पपा सरकारी कचेरीत, दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर. नाना आमच्याकडे बोलणी करायला आले तेव्हा दोन कप चहा प्यायले, पपांशी पगारवाढीच्या आयोगांवर तासभर बोलले आणि उठताना "ठीक आहे" म्हणाले. त्या घरात मला कोणी कधी टोचून बोललं नाही. एक महेशची मावशी मात्र पहिल्याच भेटीत सासूबाईंना म्हणाली, "मुलगी चांगली स्वच्छ आहे हो, वाटत नाही." काय वाटत नाही, हे मी विचारलं नाही. सासूबाईंनी विषय बदलला. नाना त्या वेळी टँकमध्ये हात घालून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. मी मात्र ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्या घरातला प्रत्येक कप दोनदा विसळला.

लग्नाला सहा महिने झाले असतील. नाना आणि सासूबाई दहा दिवसांसाठी कोकणात गेले. टँक महेशवर सोपवला. महेशला केव्हापासून त्या टँकमध्ये हात घालायचा होता. त्याने कुठेतरी वाचलं होतं की झाडांना कार्बन डायऑक्साइड मिळाला तर ती जोमाने वाढतात आणि शेवाळ आपोआप हटतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून, झाकणाला भोक पाडून त्याने त्यातून नळी काढली आणि ती टँकमध्ये सोडली. टप टप बुडबुडे सुटायला लागले. वडील आल्यावर त्यांना दाखवायचं म्हणून पोराचा उत्साह नुसता ओसंडत होता. पण आम्ही दोघंही सकाळी सातची कंपनीची बस पकडणारे. कपडे वाळत घालताना मी खिडकीचा पडदा सरकवला होता, तो तसाच उघडा राहिला, आणि दिव्याचं बटण बंद करायचंही दोनतीनदा राहून गेलं. आठव्या दिवशी पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं झालं. आतले मासे दिसेनात.

नाना परवा येणार. महेश रिलीजच्या कामात ऑफिसातच अडकलेला. मी एकटी त्या हिरव्या काचेसमोर उभी होते आणि मला माझी आई आठवली. येरवड्याला पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायचं. आई निळ्या पिंपात तुरटीचा खडा धरून हात गोल फिरवायची, शंभर आकडे मोजायची आणि सकाळी पिंपाच्या तळातलं नाणंसुद्धा दिसायचं. पाण्याविषयी मला जे काही येत होतं ते एवढंच, आणि ते शंभर टक्के येत होतं. वाण्याकडून लिंबाएवढा खडा आणला. शंभर आकडे मोजले. खात्री असावी म्हणून आणखी शंभर. सकाळी पाहते तर पाणी लख्ख! तळाशी कापसासारखा गाळ बसला होता, तो मी नळीने ओढून घेतला आणि गाणं गुणगुणत बस पकडायला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून आ वासत होते. रात्रीपर्यंत बावीसही निऑन मासे मरून तरंगायला लागले.

नाना आले, चपला काढायच्या आत टँकपाशी गेले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. खणातून पट्टी काढून पाण्यात बुडवली, तिचा रंग पाहिला. पाणी आंबट झालं होतं. मग त्यांची नजर साखरेच्या बाटलीवर गेली. त्या गॅसने पाणी आंबट होतं हे त्यांनीही वाचलेलं. मासे श्वासाला तडफडून मेले, तेही त्यात चपखल बसलं. पुरावा सगळा जुळत होता. "मला न विचारता प्रयोग करायला हे तुमचं कॉम्प्युटरचं ऑफिस नाही," ते महेशला म्हणाले. "माझ्याकडे ही एकच गोष्ट राहिली होती." महेशचा चेहरा उतरला. त्यालाही तसंच वाटत होतं. त्याने बाटली उचलली, मोरीत ओतली... आणि मी तिथंच, दारापाशी, हातात पाण्याचे तांबे घेऊन उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

चूक कबूल करायला मी घाबरले नव्हते. ऑफिसात मी रोज चुकांवरच जगत होते. मी घाबरले ते वेगळ्याच गोष्टीला. महेश चुकला तर महेश चुकला. मी चुकले तर ह्यांच्याकडे असंच असतं, असं होईल. माझ्या आईचा हात, तिचं निळं पिंप, सगळं त्या लाल चिठ्ठीवर जाईल. एवढं मी दारात उभ्या उभ्या, तीन सेकंदांत ठरवलं. नंतर सांगू म्हटलं. नंतर म्हणता म्हणता पंधरा वर्षं गेली.

बापलेकांत अबोला झाला नाही. त्यापेक्षा अबोला बरा म्हणायची पाळी येते, तसलं काहीतरी झालं. सिलिंडर आला का, बिल भरलं का, एवढंच बोलणं. नानांनी टँक पुन्हा मांडला, आणि महेशने पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. टँकसमोरच्या सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन मान खाली घालून बसायचा. नानांची मदतनीस झाले मी. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. रविवारी सकाळी बादल्या उचलायच्या, कुजकी पानं कापायची, तळ ओढून घ्यायचा. समोरची काच घासायचं काम मात्र नाना कोणालाही देत नसत. त्यासाठी त्यांच्याकडे एक कार्ड होतं. महेशचं पहिल्या कंपनीचं ओळखपत्र. ते हरवलं म्हणून त्याने दुसरं घेतलं, आणि मग पहिलं सोफ्याखाली मला सापडलं. मी टाकायला निघाले तर नाना म्हणाले, "दे इकडे. प्लॅस्टिक चांगलं आहे." टँकशेजारी खिळा मारून त्यांनी ते अडकवलं. वरपासून खालपर्यंत सरळ पट्टे ओढायचे, दर पट्ट्याला कार्ड फडक्याला पुसायचं. डाव्या हाताला खाली चार बोटं कोपरा तसाच हिरवा सोडायचा. तो गोगलगायींचा. "सगळंच चकाचक केलं तर त्यांनी खायचं काय?" असं ते दर रविवारी, जणू मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं सांगायचे. महेश एकदा मला आत येऊन म्हणाला, "माझ्या थोबाडाने शेवाळ घासतात. अजून राग गेलेला नाही." मी भाजी चिरत राहिले. त्या दिवशीही सांगता आलं असतं.

सासूबाईंच्या पश्चात, गेल्या वर्षी नानांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरीच आराम करा म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही सगळे समजलो. ते टँकसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. अशाच एका रविवारी मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पानं कापत होते. महेश औषधं आणायला खाली गेला होता.

"सुजाता, मी गेलो की हा टँक कोणाला तरी देऊन टाका."

"असं काय बोलताय नाना?"

"डॉक्टर बोलतात तेच बोलतोय. महेशच्या गळ्यात मारू नकोस. ते मासे मेले तेव्हा मी फार बोललो त्याला. पोरगं पुन्हा काचेजवळ आलं नाही."

हात पाण्यात असल्यामुळे असेल, तोंड फिरवून निघून जाता आलं नाही. मी म्हणाले, "नाना, ते महेशच्या बाटलीने नाही मेले. माझ्यामुळे मेले. मी तुरटी फिरवली होती."

मग चौकशी सुरू झाली, कारखान्यातल्यासारखी. खडा केवढा? लिंबाएवढा. किती वेळ? शंभर आकडे, दोनदा. पाणी नितळलं कधी? सकाळपर्यंत. तळाशी? कापसासारखा गाळ, मी ओढून घेतला. "हं," ते म्हणाले, "म्हणजे पट्टीचा रंग त्याने बदलला. बाटलीच्या एवढ्याशा गॅसने एवढा बदलायला नकोच होता. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं." मग स्वतःशीच म्हणाले, "पंधरा वर्षं चुकीच्या मशीनवर चिठ्ठी बांधून ठेवली मी..."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"वाटलं, तुम्ही म्हणाल, ह्यांच्याकडे असंच."

मला वाटलं होतं, ते 'छे छे, असं कसं म्हणेन' म्हणतील. सगळे तसंच म्हणतात. नाना तसं म्हणाले नाहीत. टँककडे बघत, शब्द मोजत म्हणाले, "म्हटलं असतं. तोंडाने नाही, मनात. तेव्हा म्हटलं असतं." आणि पुढे म्हणाले, "तुझ्या आईची पद्धत चुकीची नव्हती. प्यायच्या पाण्याला तुरटीच लागते. तू जागा चुकलीस, एवढंच."

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत मला कोणी इतकं खरं बोललं नव्हतं. मी ओल्या हातांनीच डोळे पुसले, तर म्हणाले, "ते पाणी डोळ्यात घालू नकोस, त्यात खत आहे." आणि मी हसायला लागले, ते थांबेचना. मग त्यांनी एकच बजावलं. "महेशला तू सांग. मी सांगितलं तर तू पुन्हा दारातच उभी राहशील."

म्हणजे त्यांनी मला त्या दिवशी दारात उभं असलेलं पाहिलं होतं.

महेशला मी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं. तो ओट्याला टेकून ऐकत होता. सगळं ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे माझी बाटली बरोबर होती?" होती, मी म्हणाले. नंतर दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. तेवढा त्याचा हक्क होता. तिसऱ्या दिवशी नाना सोफ्याकडे न बघता म्हणाले, "महेश, त्या बाटलीच्या झाकणातून नळी कशी बसवली होतीस रे? गळत नव्हती?" नानांना माफी मागता येत नसे. ही त्यांची माफी होती, आणि महेशला ती बरोबर पोचली. तो उठून यीस्ट आणायला गेला.

पुढचे तीन महिने आमच्या घरात ती साखरेची बाटली नांदत होती. नाना खुर्चीतून बुडबुडे मोजायचे, महेश नळी वरखाली करायचा. "सेकंदाला एक. दोन नकोत." "नाना, दोन सेकंदांना एक येतोय." "मग बूच आवळ की." असं वाद घालणं त्या दोघांना पंधरा वर्षं मिळालं नव्हतं. पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरायला लागले. काच घासायचं काम मात्र शेवटच्या रविवारपर्यंत नानांनीच केलं, खुर्चीत बसून, दम खात खात. आणि मंगळवारी दुपारी झोपेतच गेले. मागे काहीही न सांगितलेलं ठेवून गेले नाहीत. आम्हीही त्यांच्यापाशी काही ठेवलं नव्हतं. म्हणून मला हायसं वाटलं, आणि आजही वाटतं.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. टँककडे बघायला कोणाला सवड नव्हती. दिवा सकाळपासून झोपेपर्यंत जळायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांची मुलं मूठ मूठ खाणं टाकायची. चौदाव्या दिवशी पाहिलं तर समोरची काच हिरवी, झाडांवर केसांचे पुंजके. "आता मिळतं हो चांगलं औषध," एक नातेवाईक जाता जाता म्हणाले. मी नको म्हटलं. काय चुकलं ते त्या काचेवर स्वच्छ वाचता येत होतं. मी दिवा आठ तासांवर आणला, खाण्याचा डबा फ्रिजवर ठेवला आणि शनिवारी रात्री बादल्या भरल्या.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर महेश बाह्या वर करून टँकपाशी उभा होता. खिळ्यावरचं कार्ड त्याच्या हातात होतं. तो ते उलटसुलट करून पाहत होता. कार्ड घासून घासून झिजलं होतं, पण एकाच कडेला, फोटोपासून लांबच्या. फोटोच्या बाजूला एकही ओरखडा नव्हता. तेवीस वर्षांचा महेश, भांग पाडलेला, टायची गाठ वाकडी. "मला वाटायचं..." तो म्हणाला.

मग त्याने हात पाण्यात घातला. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा त्याचं कार्ड त्याच्या हातात होतं आणि काचेवरून वरून खाली सरळ पट्टा उतरत होता. फडक्याला पुसायचं, पुन्हा पट्टा. मी चहा हातात घेऊन बघत राहिले. डाव्या बाजूला तो पोचला तेव्हा मी सांगणारच होते, की अरे थांब, खालचा कोपरा... पण त्याचा हात तळापासून चार बोटांवर आपोआप थांबला. तिथं दोन गोगलगायी होत्या.

"कोपरा सोडायचा हे तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पंधरा वर्षं समोरच बसलोय की."

त्याने कार्ड कोरडं करून खिळ्याला अडकवलं आणि विचारलं, "पाणी रात्रीच भरून ठेवलंयस ना?"

ठेवलं होतं.